काळीज, कलेजी आणि यकृत

मुरुडच्या बाजारात मटणाच्या दुकानाशी उभं राहून 'पाव किलो यकृत द्या' असं कोणी म्हणत नाही. तिथे कलेजी मिळते, गुर्दा मिळतो, दिल मिळतं, तिल्ली मिळते. आगरदांड्याहून एसटीने मुरुडला शिकायला येणारी मुलगी त्याच दिवशी जीवशास्त्राच्या वहीत यकृत, वृक्क, हृदय, प्लीहा अशी यादी उतरवून घेते. घरी आजीकडे तिसरीच यादी असते: काळीज, पानथरी, पोट, आतडं. अवयव तेच, नावांचे संच तीन. मुलीची समजूत अशी की यातली खरी नावं वहीतली. बाकीची आपली बाजारातली आणि घरातली, पेपरात न चालणारी. शब्दांच्या कुळात थोडं मागे गेलं की ही समजूत ढासळते. दुकानातले आणि वहीतले कितीतरी शब्द सख्खी भावंडं निघतात, आणि घरातल्या शब्दांत कधीकधी वहीपेक्षा जास्त शरीरशास्त्र भरलेलं असतं.

आगरदांडा राजपुरीच्या खाडीच्या उत्तर काठावर. धक्क्यावरून फेरीबोट पलीकडे दिघीला जाते, खाडीच्या मुखाशी जंजिरा उभा. 1948 पर्यंत हा मुलूख सिद्दी नवाबांच्या संस्थानात होता. कोळी, आगरी, कोकणी मुसलमान, सिद्दी, कातकरी अशी सगळी वस्ती या पट्ट्यात. एकाच वस्तूला तीन नावं असणं इथे नवलाचं नाही. गावाच्या नावातही एक शरीरशब्द लपलेला आहे. आगर म्हणजे माडा-पोफळींची बागायत किंवा मिठागर, आणि दांडा म्हणजे पाण्यात घुसलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. रेवदंडा, दांडा-राजपुरी ही त्याच कुळातली नावं. संस्कृत दंडापासून हा दांडा आला, आणि आपला बाहूचा दंड व नाकाची दांडीही तिथूनच आली. खाडीला मुख, डोंगराला माथा, सोंड, कूस आणि पायथा. भूगोलाला नावं देताना माणसाने आपलं अंग वापरलं. मग अंगाला नावं देताना काय वापरलं?

आधी दिल घेऊ. संस्कृतात हृद्, फारसीत दिल. कानाला काहीच साम्य लागत नाही, पण वाट सरळ आहे. संस्कृतातला 'ह' जिथे येतो तिथे फारसीत बऱ्याचदा 'द' सापडतो: आपला हस्त म्हणजे त्यांचा दस्त. म्हणून आपण एकाच सहीला हस्ताक्षरही म्हणतो आणि दस्तखतही. दुसरी गोष्ट, जुन्या इराणी भाषांतल्या 'र्द'चा पुढे फारसीत 'ल' झाला: आपला शरद तिकडे साल झाला. शरद ऋतू मोजत वर्षं मोजायची रीत दोन्हीकडे होती, म्हणून 'शंभर शरद जग' या जुन्या आशीर्वादाचा अर्थ शंभर साल जग असाच. हे दोन्ही नियम हृद् या शब्दाला लावले की दिल हाती येतं. मराठीतही हृदयाचा स्वतःचा एक झिजलेला वंशज आहे: हिय्या. 'हिय्या करून पाण्यात उतरला' म्हणताना आपण हृदयच काढतो, फक्त अवयव विसरून त्यातलं धाडस तेवढं ठेवतो.

जिगर तर याहून उघड आहे. संस्कृतातल्या सुरुवातीच्या 'य'चा फारसीत 'ज' होतो. युवन् तिकडे जवान झाला. आपल्याकडेही यंत्राचं जातं झालंच. यकृत असंच जिगर झालं. लॅटिनमध्ये हाच शब्द येकुर, ग्रीकमध्ये हेपार. आणि त्या हेपारवरून डॉक्टर हेपटायटिस म्हणतात. म्हणजे आपला जिगरी दोस्त, वहीतलं यकृत आणि रिपोर्टमधला हेपटायटिस हे तिन्ही एकाच पूर्वजाचे. गुर्द्याचंही तसंच. संस्कृतातल्या 'वृ'च्या जागी फारसीत 'गुर्' येतो: लांडग्याला संस्कृतात वृक, फारसीत गुर्ग. पोटात लांडग्याची भूक असलेला म्हणून भीम वृकोदर. त्याच नियमाने वृक्क आणि गुर्दा एकमेकांसमोर येऊन बसतात. प्लीहा आणि इंग्रजीतलं स्प्लीन यांचंही मूळ एकच मानतात. बाजारातली तिल्ली मात्र या कुळातली नाही. आणि कलेजी? ती फारसी नाहीच. संस्कृत कालेय, कालेयक, प्राकृतात कालिज्ज, तिथून हिंदीत कलेजा-कलेजी आणि मराठीत काळीज. खाटकाचा शब्द आणि आजीचा शब्द इतका जवळचा, की त्यांच्यात फक्त उच्चाराचं अंतर आहे.

या दुकानाचा मान आता आणखी एका कारणाने वाढला आहे. महाविद्यालयांतलं प्राण्यांचं विच्छेदन विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 पासून कमी करत आणलं आणि 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून ते काढूनच टाकलं. बेडकांच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण त्यामुळे खरंखुरं सस्तन हृदय डोळ्यांनी बघायची जागा बहुतेक विद्यार्थ्यांना एकच उरली. बोकड सोलून झाला की श्वासनलिकेसकट फुप्फुसं, हृदय आणि काळीज एकत्र बाहेर येतात आणि आकड्याला टांगले जातात. वरती कड्यांकड्यांची श्वासनलिका, बोटाने दाबली तरी न मिटणारी. तिच्या दोन्ही बाजूंना फिकट गुलाबी फुप्फुसं, हाताला हलकी. त्यांच्या मधोमध जरा डावीकडे कललेलं हृदय. आणि खाली, एका पातळ पडद्याच्या पलीकडे, गर्द तपकिरी काळीज. तो पडदा म्हणजे श्वासपटल. कडेला मांसल, मध्ये पांढुरका आणि चिवट. छाती आणि पोट यांच्यात असा मांसल पडदा फक्त सस्तन प्राण्यांना असतो. तो खाली सरकला की छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. तोच मध्येच आचका देऊन आखडला की उचकी लागते, आणि आपण म्हणतो कोणीतरी आठवण काढली. खाटकाने हृदय उभं चिरलं तर डाव्या कप्प्याची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड दिसते. उजव्या कप्प्याला रक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत ढकलायचं असतं, डाव्याला खुरापर्यंत. गुर्दा बघायचा तर चरबीत बुडालेला, वाटाण्यासारख्या गुळगुळीत अंगाचा. गाईचा गुर्दा असा नसतो, त्याला गोळ्यागोळ्यांचे उंचवटे असतात. माणसाच्या दोन गुर्द्यांतून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड लिटरच्या आसपास लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेला सगळा परत रक्तात. मराठीने याला मूत्रपिंड म्हटलं. काम बरोबर सांगितलं, पण दीड लिटरचंच.

आता काळजाची गोची. मराठीत काळीज धडधडतं, काळजाचं पाणी होतं, काळजाला घरं पडतात, काळजाला हात घालतात. ही सगळी कामं आज आपण हृदयाकडे दिली आहेत. म्हणून दहावीचं पोर काळीज म्हणजे हृदय असं धरून चालतं, आणि मटणाच्या दुकानात मात्र तेच पोर काळीज मागून यकृत घरी आणतं. मूळ अर्थ दुकानाने राखला. कालेय म्हणजे तो काळसर अवयव. काळजी हा शब्दही याच काळजातून निघाला. माणसाने भावनांचं घर यकृतात का नेलं असेल? मेलेल्या जनावराचं पोट उघडलं की सगळ्यात मोठा, सगळ्यात जड आणि रक्ताने भरलेला अवयव तोच दिसतो. माणसाचं यकृत सुमारे दीड किलो, हृदय जेमतेम तीनशे ग्रॅम. बाबिलोनियातले पुरोहित मेंढीच्या यकृतावर भविष्य वाचत. रोमन वैद्य गेलन सांगे की रक्त यकृतात तयार होतं. सुश्रुतसंहितेतही अन्नाचा रस यकृत आणि प्लीहेत पोचला की तांबडा होतो असं मांडलेलं आहे, आणि तो रंगवणाऱ्या पित्ताला नावच रंजक पित्त.

रक्त शब्दाचा अर्थ त्या मांडणीतच बसलेला आहे. रक्त म्हणजे रंगलेलं. रंग, रंजन, राग, अनुराग, रक्त सगळे एकाच धातूचे. 'रगत निघालं' म्हणणारी आजी रंगाचंच नाव घेते. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात, यकृतात नाही. तेवढ्यापुरते गेलन आणि सुश्रुत दोघेही चुकले. पण गर्भात हाडं अजून कोवळी असतात तेव्हा काही महिने हे काम यकृत करतं आणि प्लीहाही त्याला हात लावते. जुनी मांडणी पोटातल्या बाळाच्या बाबतीत खरी ठरते. आणि कोकणात पूर्वी हिवतापाने पानथरी वाढायची, म्हणजे पोट चाचपून हाताला लागायची, त्याचंही कारण रक्तातच आहे. जुन्या झालेल्या आणि हिवतापाच्या जंतूंनी बिघडलेल्या तांबड्या पेशी प्लीहेत मोडीत निघतात. काम वाढलं की अवयव वाढतो. 'पोरीची पानथरी वाढलीय' म्हणणाऱ्या बाईने शरीरक्रिया शिकलेली नव्हती, तिने हाताने बघितलेलं होतं.

हाताने बघण्याची मर्यादाही शब्दांत उतरते. धमनी हा शब्द धम् म्हणजे फुंकणं या धातूपासून. लोहाराचा भाता जे करतो ते. रक्तवाहिनीला फुंकणीचं नाव का? मरताना धमन्या आकुंचन पावतात आणि त्यांच्यातलं रक्त पुढे शिरांमध्ये जातं. प्रेत उघडून बघणाऱ्याला त्या रिकाम्या दिसतात. ग्रीकांनाही तसंच दिसलं, त्यांनीही धमनीत हवा वाहते असं धरलं. गेलनने जिवंत जनावराची धमनी बांधून आत रक्तच असतं हे दाखवलं, पण नावं बदलली नाहीत. त्याच धम् धातूचं फारसी भावंड म्हणजे दम, श्वास. दम लागतो, दम टाकतो, दमेकऱ्याला दमा होतो, तेव्हा आपण धमनीच्या सख्ख्या नात्यातला शब्द वापरत असतो. आणि इथे मात्र हवेचंच काम आहे, म्हणून फारसीचा नेम बरोबर लागला. रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयात येतं हे विल्यम हार्वेने 1628 मध्ये मांडलं. त्यासाठी मराठीत शब्द घडवला गेला अभिसरण. अभि-सृ म्हणजे कोणाच्या तरी दिशेने निघणं. रात्री प्रियकराकडे निघालेली ती अभिसारिका. शब्द गोड आहे, पण हार्वेचा सगळा मुद्दा परत येण्याचा होता, आणि अभिसारिकेच्या परतीबद्दल काव्यशास्त्र फारसं बोलत नाही. शिकवताना 'अभिसरण म्हणजे फेरा' एवढं फळ्यावर लिहावंच लागतं.

ज्या वर्गाच्या प्राण्यांबद्दल हे सगळं बोलणं चाललंय, त्याचं नाव सस्तन. स्वीडनच्या लिनेयसने 1758 साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत चतुष्पाद हे जुनं नाव काढून लॅटिन मामा, म्हणजे स्तन, या शब्दावरून नवं नाव दिलं. सस्तन हा त्याचाच मराठी अवतार. नावात खोट आहे. नराच्या स्तनाला काम नसतं. घोड्याला तर ते दिसतही नाहीत. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो, पिलांना दूध पाजतो, पण त्याला स्तनाग्रंच नाहीत. दूध कातडीतून पाझरतं आणि पिलं ते चाटतात. आपल्याकडे याहून जुनी एक विभागणी होती: जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज. वारेतून जन्मलेले, अंड्यातून, घामातून आणि जमीन फोडून आलेले. उपनिषदकाळाच्या लोकांनी दुधाऐवजी वार पाहिली. तो जरायु अजून गोठ्यात जिवंत आहे: गाय व्याली की 'जार पडली का?' असं विचारतात, ती जार म्हणजे जरायु. स्तनाचंही गोठ्यातलं रूप आहे, थान. गाई-म्हशीला चार सड, शेळीला दोन. ज्याला पुस्तकात स्तनाग्र म्हणतात त्याचा हिशेब गोठ्यात असा बोटावर होतो.

गोठ्याच्या शब्दांतला सगळ्यात नेमका शब्द पान्हा. संस्कृत प्रस्नव म्हणजे पाझर. त्याचा प्राकृतात पण्हव आणि मराठीत पान्हा. दूध आणि पान्हा एक नव्हे. दूध कासेत आधीच असतं, पान्हा म्हणजे ते खाली उतरणं. धार काढणारा आधी वासराला लावतो. वासरू नाकाने कासेला ढुशा देतं, दोन-चार घोट ओढतं, मग त्याला बाजूला बांधतात. आतापर्यंत सैल असलेले सड भरून ताठ होतात. आता घाई करायची, कारण हे काही मिनिटंच टिकतं. त्या अवधीत घडलेलं असं: सडाच्या कातडीतली जाणीव मेंदूपर्यंत गेली, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरलं, रक्ताबरोबर कासेत पोचलं, आणि दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आखडून त्यांनी दूध खाली ढकललं. अनोळखी माणूस आला, कुत्रं भुंकलं, की गाय पान्हा चोरते. चोरते हा शब्द गाईवर अन्याय करणारा आहे. घाबरल्यावर जे संप्रेरक उसळतं ते ऑक्सिटोसिनचं काम अडवतं. गाईच्या मनाचा तिथे संबंध नाही. ऑक्सिटोसिन हे नाव ग्रीक, अर्थ जलद प्रसूती, कारण हेन्री डेलने 1906 मध्ये या द्रव्याचा गर्भाशयावरचा परिणाम आधी पाहिला. दूध उतरवण्याचं काम नंतर कळलं. गोठ्यात ते काम आधीच माहीत होतं आणि त्याला नावही होतं, द्रव्य मात्र माहीत नव्हतं.

पीयूषिका या नावातही एक योग जुळला आहे. पीयूष म्हटलं की आपल्याला श्रीखंडाचं गोड पेय आठवतं, पोथीत ते अमृत असतं. पण अमरकोशात पीयूष म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गाईचं नवं दूध, म्हणजे आपला चीक. ज्याचा खरवस करतात तो. लॅटिनमध्ये या ग्रंथीला पिट्युइटरी म्हटलं ते शेंबडावरून. ती नाकात कफ सोडते असं वाटे म्हणून. मराठी-हिंदीच्या परिभाषाकारांनी त्या शेंबडाच्या जागी आवाजाला जवळचा असा पीयूष घातला, आणि दूध तयार करायला लावणारी व ते उतरवणारी दोन्ही संप्रेरकं याच ग्रंथीतून सुटतात. हेतू काय होता कोण जाणे, पण नाव मूळ नावापेक्षा खरं निघालं. खरवस खाताना एक गोष्ट मनात असू द्यावी. माणसाच्या बाळाला आईची रोगप्रतिकारक द्रव्यं वारेतून बरीचशी मिळून जातात. गाईची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. वासराला ती फक्त चिकातून मिळतात, आणि पहिल्या दिवसभरातच त्याचं आतडं ती शोषून घेऊ शकतं. पहिला चीक वासराचा, हा गोठ्यातला नियम तंतोतंत बरोबर आहे.

समुद्राकाठी सस्तन शब्दाची परीक्षा देवमासा घेतो. जून 2015 मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे चाळीस फुटी निळा देवमासा वाहत आला आणि तिथेच मेला. बघायला लोटलेल्या गर्दीत सगळ्यांच्या तोंडी मासा हाच शब्द होता, आणि भाषेने तो आधीच देऊन ठेवलेला होता. लिनेयसही आधीच्या आवृत्त्यांत देवमाशाला माशांतच धरत होता. 1758 ला त्याने तो उचलून सस्तनांत ठेवला. कोळ्यांना तेवढा फरक माहीत असतो. गादा, म्हणजे डॉल्फिन, दम घ्यायला वर येतो, मासा येत नाही, हे होडीतून रोज दिसतं. शेपूटही सांगते: माशाची शेपूट उभी असते आणि डाव्या-उजव्या अंगाला हलते, गाद्याची आडवी असते आणि वर-खाली. धावणाऱ्या कुत्र्याचा कणा जसा वर-खाली लवतो, तसाच पाण्यातही. गाद्याच्या मादीचे स्तन पोटाखालच्या दोन खाचांत दडलेले असतात. आणि तिच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्या मानेतही सातच, उंदराच्याही सातच, आपल्याही सातच. स्लॉथ आणि मॅनाटी असे मोजके अपवाद सोडले तर सगळ्या सस्तनांचा हा आकडा ठरलेला.

मणका म्हणजे मणी. कण्यातल्या हाडांना मराठीने ओवलेले मणी मानलं. लॅटिनने त्याच हाडाला 'वळणारं' म्हटलं. अशी नावं बघितली की कारागिरांची वस्ती दिसते. पुढच्या चपट्या दातांना पटाशीचे दात म्हणतात, सुताराच्या पटाशीवरून. शेजारी सुळे, मागे दाढा, दंष्ट्रेवरून आलेल्या. एकाच तोंडात वेगवेगळ्या कामाचे दात हे सस्तनांचं लक्षण. गाद्याने पाण्यात जाऊन ते सोडलं आणि सगळे दात एकसारखे सुळ्यासारखे केले. गाईला वरच्या जबड्यात पटाशीचे दात नसतातच. ती जिभेने गवत ओढते, गिळते, आणि सावकाश रवंथ करते. हे रवंथ म्हणजे संस्कृत रोमंथ. ज्या पोटाच्या कप्प्यात ते गवत आधी जंतूंकडून कुजतं, त्याची वजडी होते, टॉवेलसारखी लवदार. तिच्या लवेमुळे शोषणाचा पृष्ठभाग वाढतो. मुरुडच्या ताटात ती लव दाताखाली जाणवते.

कानातली तीन हाडं ही फक्त सस्तनांची मालमत्ता. पक्ष्यांना आणि सरड्यांना तिथे एकच हाड असतं. मराठी पाठ्यपुस्तकात त्यांची नावं हातोडी, ऐरण आणि रिकीब. पहिली दोन लोहाराच्या भट्टीतून आली, तिसरी घोड्यावरून उतरली. रिकीब हा अरबी रिकाब, फारसीतून मराठी घोडेस्वाराच्या पायाखाली आला आणि तिथून शरीरातल्या सगळ्यात लहान, जेमतेम तीन मिलिमीटरच्या हाडाला लागला. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल रायखर्टने 1837 मध्ये दाखवलं की हातोडी आणि ऐरण ही मुळात सरपटणाऱ्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं. पूर्वज ज्यांनी चावायचा, त्यांनीच आपण ऐकतो.

डोळ्यातल्या काळ्या बिंदूला आपण बाहुली म्हणतो. संस्कृतात ती कनीनिका, म्हणजे छोटी मुलगी. लॅटिनमध्ये पुपिला, म्हणजे बाहुलीच. समोरच्याच्या डोळ्यात आपलंच बोटभर प्रतिबिंब दिसतं, ते इथल्या आणि रोमच्या दोन्ही आयांनी पाहिलं. दंड फुगवला की पोरं बेटकुळी काढतात. बेडकी कातडीखाली उडी मारते तशी. लॅटिनला तिथे उंदीर दिसला: मस्कुलुस, छोटा उंदीर, आणि त्यावरून इंग्रजी मसल. नावं देणाऱ्या दोघांनीही बहुधा आपल्या दारातलाच प्राणी उचलला.

इथपर्यंत सगळं गमतीचं, पण एक जागा आहे जिथे शब्द खरंच पाय ओढतात. मराठीत स्नायू म्हणजे मसल आणि पेशी म्हणजे सेल. हिंदीत पेशी म्हणजे मसल, सेल म्हणजे कोशिका. बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह. संस्कृतात स्नायू हा होता हाडं बांधणारा चिवट दोर, आणि पेशी म्हणजे मांसाचा तुकडा. म्हणजे पेशीचा मूळ अर्थ हिंदीने राखला, मराठीने दोन्ही शब्द सरकवले. यात मराठी एकटी नाही: ग्रीक न्यूरॉन याचाही आधीचा अर्थ दोरच होता, आणि स्नायू व न्यूरॉन ही दूरची भावंडं. दोरासारखं दिसतं ते सगळं आधी एकाच नावाने हाक मारलं गेलं, मग वेगळं काढलं गेलं. पण नीटचा पेपर मराठीत देणारी मुलगी रात्री हिंदीतला फुकटचा व्हिडिओ बघते, तिथे 'हृदय पेशी' ऐकते आणि हृदयाची एक सेल समजते. सांगणारा मात्र हृदयाच्या स्नायूबद्दल बोलत असतो. हा घोळ तिच्या बुद्धीचा नाही, दोन परिभाषांचा आहे, आणि तो पहिल्या आठवड्यातच सांगून टाकायला हवा.

परीक्षेसाठी परिभाषा एकच हवी, यात वाद नाही. यकृत लिहा, वृक्क लिहा, गुण मिळवा. शिकवताना मात्र उलट्या बाजूने सुरुवात करता येते. हृदयाची आकृती काढण्याआधी वर्गात विचारावं: याला तुमच्या घरी काय म्हणतात, बाजारात काय म्हणतात, गोठ्यात काय म्हणतात? मोल्सवर्थने आपल्या कोशासाठी (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) आणि कृ. पां. कुलकर्ण्यांनी आपल्या व्युत्पत्तिकोशासाठी (1946) असे पुष्कळ शब्द गोळा केले, पण खाडीच्या प्रत्येक काठापर्यंत त्यांनाही पोचता आलं नसणार. आगरदांड्याकडच्या वर्गात कोळ्याचं पोर माशाच्या आतड्याला एक नाव सांगेल, आगऱ्याचं बैलाच्या वशिंडाला दुसरं, खाटकाचा मुलगा असे सहा तुकडे दाखवेल ज्यांना पुस्तकात नावच नाही. फळा भरेल. त्यातले किती शब्द कोणत्याच कोशात नाहीत, हे त्याच तासाला मोबाइलवर तपासून बघता येईल, आणि जे नसतील ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवायचं काम त्या मुलांइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकणार नाही.